सही करण्याआधी बांधावर जाऊन या

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"माझं माहेर उरण तालुक्यात, खोपट्याच्या खाडीकडे. लग्न झाल्यापासून भांडुपला राहते. माहेरची खारेपाटात पावणेदोन एकर भातशेती आहे. सातबारावर अजून आजोबांचंच नाव आहे. वडील गेले, आई आणि भाऊ गावात असतात. आमचं गाव नव्या शहराच्या १२४ गावांत आलंय. तेव्हापासून दारात दलालांच्या गाड्या थांबतात. भावाने त्यांतल्या एकाकडून इसार घेतलाय आणि मला हक्कसोडपत्रावर सही कर म्हणतो. 'तुला मुंबईत काय कमी आहे?' हे त्याचं एकच वाक्य. आई काहीच बोलत नाही. आमच्या बांधालगत एक कातकरी कुटुंब राहतं, आजीच्या काळापासून आमच्या शेतावर राबतंय. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात शेतात पाणी साचलं ते दिवसेंदिवस उतरलंच नाही, रोप कुजलं. भाऊ म्हणतो, बघ, या जमिनीत आता काही राहिलेलं नाही. मी स्वतः मुंबईत फ्लॅटमध्ये राहते, मग शेत जाऊ नये असं म्हणायचा मला हक्क आहे का? सही करू की नको?"

ताई,

हक्कसोडपत्रावर आत्ता सही करू नका. भावाला दुखवायचं म्हणून हे सांगत नाही. जमीन जाताना भरपाई मिळते ती कागदावर असलेल्या गोष्टींची. तुमच्या पत्रात आई आहे, कातकरी कुटुंब आहे, न उतरणारं पाणी आहे, आणि यांतलं काहीही आज कोणत्याच कागदावर नाही. मोजणीची माणसं शेतात उतरण्याआधी हे सगळं कागदावर आणायचं आहे. एकदा हक्क सोडलात की ते करायला तुमच्या हातात काही उरणार नाही.

आधी हक्काचं बघू. मुलीला मुलाइतकाच हिस्सा, हे २००५ च्या दुरुस्तीने ठरलं. जन्मानेच मिळणाऱ्या या हक्कासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांच्या वाट्यात आईही तुमच्याइतकीच वारस आहे. शिवाय सातबारा आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे आत्या असतील तर त्यांचा किंवा त्यांच्या मुलांचाही हक्क निघू शकतो. भावाने एकट्याने घेतलेला इसार फार तर त्याच्या स्वतःच्या हिश्शापुरता. दलालाला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो तुमच्या सहीसाठी भावाला रेटतोय. हक्कसोडपत्र एकदा नोंदणी होऊन गेलं की ते फिरवायला कोर्टात वर्षं जातात आणि बहुतेक वेळा ते फिरत नाही.

म्हणून पहिलं काम वारस नोंदीचं. आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यूदाखला घेऊन गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (आपण तलाठीच म्हणतो) अर्ज द्या, सगळ्या वारसांची नावं घाला, आईचं आधी. फेरफार मंजूर झाला की सातबाराचा नवा उतारा काढा आणि त्यातला 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. रायगडातल्या बऱ्याच जमिनी कूळकायद्याने कुळांना मिळालेल्या आहेत. तुमची त्यांतली असेल, तर कलम ४३ च्या अटीची नोंद तिथे दिसेल आणि विक्रीचे नियम वेगळे लागतील. भावाकडून इसाराच्या कागदाची झेरॉक्स मागा. त्याच्यासोबत त्याने कुलमुखत्यारपत्र दिलंय का, एवढं मात्र हटकून विचारा. दिलं असेल तर त्याच आठवड्यात वकील गाठा, कारण त्या एका कागदावर दलाल तुमच्या भावाच्या नावाने पुढचे सगळे कागद करू शकतो.

आता "होणारच आहे, आज विका" या बोलण्याबद्दल. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नवनगर विकास प्राधिकरण नेमलं. सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचा हा कर्नाळा-साई-चिरनेर पट्टा. (चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं, गोळीबार सोसलेलं गाव. नकाशात नाव घालणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.) त्याआधी त्याच जानेवारीत अटल सेतू सुरू झाला होता. शिवडीहून चिर्ल्याला गाडी थेट पोचायला लागली आणि गावागावांत भाव बोलले जाऊ लागले. पण प्राधिकरण नेमलं म्हणजे तुमचा गट नंबर संपादित झाला असं होत नाही. जमीन जायचे रस्ते वेगवेगळे आहेत: २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सक्तीचं संपादन, वाटाघाटीने थेट खरेदी, जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड, नाहीतर नगररचना योजना. 'नैना'त, म्हणजे नव्या विमानतळाभोवतीच्या विकास क्षेत्रात, सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने) नगररचना योजनाच लावली. तिथे मालकाला आपल्या जमिनीच्या ४० टक्क्यांएवढा भूखंड परत मिळतो, बाकीची रस्ते, बागा, सोयींना जाते. प्रत्येक रस्त्यावर तुमचे हक्क वेगळे आहेत. सक्तीच्या संपादनात बाजारभावाला ग्रामीण भागात दुपटीपर्यंत गुणक लागतो आणि त्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळते. रक्कम कमी वाटली तर कलम ६४ खाली दाद मागता येते. राजीखुशीने विकलंत तर ती दाद संपली. तेव्हा आपला गट नंबर यांतल्या कोणत्या प्रकारात येतो हे माहिती अधिकारात लेखी विचारा, एमएमआरडीएकडेही आणि प्रांताधिकाऱ्यांकडेही. दलालाच्या तोंडचं उत्तर चालवून घेऊ नका.

ठरलेलं सगळं होतंच असंही नाही. याच पेण-उरण-पनवेलमध्ये महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) संपादन निघालं होतं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सप्टेंबर २००८ मध्ये जनमत घ्यायला लावलं, एन. डी. पाटलांसारखे नेते त्यांच्यासोबत उभे राहिले, आणि पुढे त्या संपादनाची मुदतच टळून गेली. धीर धरलेल्यांची जमीन राहिली. घाईने कागद करून दिलेल्यांची गेली ती गेली. तुमच्या गावात असंच होईल असं मी म्हणत नाही. या वेळी सेतू उभा आहे, विमानतळ उभा आहे, रेटा मोठा आहे. पण पुढच्या महिन्याची भीती घालणाऱ्याला तुम्ही निर्धास्तपणे थांबवू शकता.

भावाकडेही मला न्यायाने बघायचं आहे. खारेपाटातलं एकपिकी भात, मजुरीचे चढलेले दर, मिठाचं पाणी आणि कॉलेजात जाणारी मुलं, या हिशेबात शेती बसत नाही हे तो रोज अनुभवतो. त्याला पैसा हवा असणं यात काही गैर नाही. फक्त त्याने खाडीपलीकडे नवी मुंबईत काय झालं ते एकदा नीट बघावं. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन त्या शहराखाली गेली. आरंभीचा भाव इतका कमी होता की १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले आणि जासई-पागोटे परिसरातल्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली, आणि पुढे विमानतळाच्या वेळी साडेबावीस टक्के. पण साडेबारातले पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठी वजा होतात आणि हाती पावणेनऊच येतात. भूखंड मिळेस्तोवर कित्येक घरांत एक पिढी सरली. भांडवल नव्हतं, म्हणून अनेकांनी बिल्डरशी त्रिपक्षीय करार केले आणि भूखंड कागदावरच हातचा गेला. आणि ज्या गावठाणांची हद्द कधी वाढवलीच नाही, तिथे मुलांच्या लग्नानंतर बांधलेल्या खोल्या अनधिकृत ठरल्या. 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्द तिथून आला, आणि ती माणसं आजही त्या घरांच्या कागदासाठी फेऱ्या मारतात. म्हणून भावाला सांगा, एकरी भाव किती हा प्रश्न दुसरा. गावठाण विस्तार कुठे, आपलं राहतं घर कुठल्या झोनमध्ये, भूखंड कुणाच्या नावे आणि किती वर्षांत, हे प्रश्न पहिले.

या सगळ्यात आई गप्प आहे याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. रोख रक्कम आली की ती पुरुषांच्या खात्यात जाते, गाडी येते, बंगला होतो, लग्न थाटात लागतं. पण त्याआधी आईच्या हातात जे होतं ते रोखीत कधी मोजलंच गेलं नव्हतं. वर्षाचा तांदूळ घरचा. पहिल्या पावसात शेतात चढून येणारी वलगणीची मासळी. बांधावरच्या चिंबोऱ्या, तळ्यातला जिताडा, पेंढा, कोंबड्यांना कणी. लावणीला बायका एकमेकींकडे जातात त्यात अडीअडचणीला हाक मारायची माणसं टिकतात. जमीन गेल्यावर यातली प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते, आणि आईकडे स्वतःचा पैसा नसला तर प्रत्येक वेळी मागावी लागते. पैसा असो की भूखंड, आईचा हिस्सा तिच्या एकटीच्या नावे, तिच्या एकटीच्या खात्यात. याला पर्याय नाही. भाऊ तुमच्या हिश्शाबद्दल रागावेल, पण आईच्या हिश्शाला तो उघड नाही म्हणू शकणार नाही. बोलणं तिथूनच सुरू करा.

आता पाणी. "या जमिनीत काही राहिलेलं नाही" हे भावाचं वाक्य मला खटकलं, कारण ते बहुधा जमिनीबद्दल खरं नाही. खारेपाट कसा चालतो हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे, पण मुंबईतल्या बाकी वाचकांसाठी सांगते. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. त्याच्या पोटात उघाडी, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. भरती चढली की बाहेरचं खारं पाणी झडपेला दाबून धरतं आणि ती घट्ट मिटते. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी आतून ढकलतं, झडप सुटते आणि पाणी खाडीत उतरतं. ना मोटर, ना वीज. पिढ्यान्‌पिढ्या गावकीने अंगमेहनतीने बांध राखले म्हणून मिठाच्या जमिनीत भात उभा राहिला. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्याच मातीसाठी 'पनवेल' नावाचे भाताचे वाण काढले.

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: उघाडीबाहेर पाणी जायला वाट हवी. रस्त्यासाठी, गोदामासाठी, कंटेनर यार्डासाठी डोंगर फोडून आणलेल्या मुरुमाचा भराव त्या वाटेवर पडला, किंवा मोठ्या नाल्याच्या जागी दोन पाइप टाकले, की गोडं पाणी आत अडकतं आणि रोप कुजतं. बांध फुटून खारं पाणी आत आलं तर ते मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात. मग शेतकरी पेरत नाही. पेरलं नाही म्हणजे पीकपाहणीत 'पडीक' लागतं. 'पडीक' लागलं की जमीन स्वस्त ठरते, आणि ही जमीन तशीही वाया गेलेलीच होती असं म्हणायला सगळे मोकळे. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, टेकडी कापली, भराव झाला, आणि शेजारच्या पारगाव-डुंगीच्या लोकांनी घरात पाणी शिरलेलं पाहिलं. खाजणं (खाडीकाठची दलदल) आणि शेतं हीच भरतीच्या दिवशी पडलेल्या पावसाला थांबायची जागा होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ती जागा गमावल्याचा अर्थ मुंबईला कळला. नवं शहर पुन्हा तेच करत असेल, तर त्यात घर घेणाऱ्यांनाही हा प्रश्न आपला वाटायला हवा.

म्हणून तुम्ही स्वतः जा. पावसाळ्यात, मोठ्या भरतीच्या दिवशी, भावाला बरोबर घेऊन बांधावर उभ्या राहा आणि ओहोटी लागल्यावर पाणी कुठे अडतं ते दोघं मिळून बघा. नवा भराव, बुजलेली उघाडी, तोडलेली तिवरं दिसली तर तारखेसकट फोटो काढा. तहसीलदार आणि खारभूमी विकास विभागाचं पेणचं कार्यालय, दोन्हीकडे लेखी तक्रार द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. तिवरांचा प्रश्न असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल पाठीशी आहे. कांदळवन नष्ट करणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवून त्याभोवती ५० मीटर मोकळे ठेवायला त्यात सांगितलंय. ग्रामसभेत पाणी तुंबल्याचा ठराव घ्या. आणि यंदा जे काही पेराल त्याची ई-पीक पाहणी मोबाइलवर वेळेत करा. संयुक्त मोजणीचा दिवस येईल तेव्हा घरचं माणूस हजर हवं: तळं, विहीर, आंब्याची झाडं, खळं, सगळं पंचनाम्यात लिहून घ्या, वाचल्याशिवाय सही नको. सक्तीच्या संपादनात जमिनीला जडलेल्या या सगळ्याची वेगळी किंमत लागते. रक्कम घ्यायची वेळ आली तर पावतीवर 'हरकत राखून स्वीकारत आहे' असं लिहा. ते नसेल तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही, आणि त्या अर्जाची मुदत निवाड्यानंतर लगेच धावायला लागते.

तुमचा तो दुसरा प्रश्न, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हक्क आहे का. आहे. तुम्ही ज्या भांडुपात राहता तिथली मिठागरंही आता घरांसाठी मागितली जात आहेत, म्हणजे शहर तुमच्या दोन्ही अंगणांत एकाच वेळी आलंय. शहरात राहणं हा गुन्हा नाही. उलट अर्ज लिहिता येणं, कार्यालयात बसून पोच मागता येणं, वकिलाला फोन करता येणं, हे तुम्हाला मुंबईने दिलंय आणि गावात आत्ता त्याचीच टंचाई आहे.

ते सगळ्यात आधी कातकरी कुटुंबासाठी वापरा. त्यांच्याकडे सातबारा नाही, म्हणून त्यांना कुणी नोटीस देणार नाही. दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर जात असतील, तर मोजणीच्या दिवशी झोपडी रिकामी दिसेल आणि पंचनाम्यात 'वस्ती नाही' लागेल. पण २०१३ चा कायदा बाधित कुटुंबात फक्त मालक धरत नाही. संपादनाआधी तीन वर्षं ज्यांची उपजीविका मुख्यतः त्या जमिनीवर होती असे शेतमजूर आणि कुळं त्यात येतात, पाण्यावर जगणारे मासेमारही येतात. नोकरी, एकरकमी पाच लाख रुपये किंवा दरमहा ठरावीक रक्कम यांतला पर्याय त्यांच्यासाठीही आहे. अडचण अशी की ही तरतूद सक्तीच्या संपादनात मिळते, दलालाच्या खरेदीत अजिबात नाही. शिवाय २०१८ च्या राज्य दुरुस्तीने बऱ्याच प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट दिली आहे, म्हणजे त्या घरी विचारपूस करायला कुणी येईलच असं नाही. म्हणून तुम्ही, आई आणि भाऊ तिघांनी मिळून एक प्रतिज्ञापत्र करा: हे कुटुंब अमुक सालापासून आमच्या गट नंबरात राहतं आणि राबतं. सोबत त्यांचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जातीचा दाखला असेल तर तो. जातीचा दाखला नसेल तर तो आधी काढायला मदत करा. हे सगळं प्रांत कार्यालयात द्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीत. मात्र त्यांच्या नावाने काहीही देण्याआधी त्यांना बसवून समजावून सांगा, त्यांना काय हवंय ते विचारा. त्यांना कदाचित पैशापेक्षा राहायची जागा हवी असेल, आणि मग अर्ज वेगळा लिहावा लागेल.

भावाला फोन करून हे सगळं सांगू नका, फोनवर ते भांडणच होईल. रविवारी जा, जेवण झाल्यावर आईसमोर बोला. "मी जमीन अडवत नाही. माझा हिस्सा कागदावर राहू दे, आईचा तिच्या नावावर होऊ दे. विकायची वेळ आली तर आपण सगळे एकत्र सह्या करू, तुला त्यात कमी पडणार नाही," एवढं म्हणा. इसार परत करायला पैसे कमी पडत असतील आणि तुम्हाला जमत असेल, तर हातभार लावा, पण त्याची नोंद दोघांच्या सहीने ठेवा. त्याला वेगळंच व्हायचं असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करता येतो. त्याच्या हिश्शाचं त्याने ठरवावं, तुमचा आणि आईचा वेगळा निघेल. वारस नोंदीचा अर्ज मात्र त्या रविवारची वाट न बघता याच आठवड्यात देऊन टाका, त्याला भावाच्या परवानगीची गरज नाही.